चांदीला रंग नसतो : विमानाच्या मॉडेलवरचा उघडा धातू

 

आजचा विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात उभी हयात घालवलेल्या माणसानं सत्तरीनंतर प्लास्टिकच्या विमानांवर बोलावं, म्हणजे काय! पण आपल्या दर्शनकारांनी घटावर, दोरीवर, शिंपल्यावर शेकडो वर्षं वाद घातले आहेत. त्यांना घट चालला, तर आपल्याला वीतभर लांबीचं विमान चालायला हरकत नसावी. शिवाय या छोट्या वस्तूत एक असा प्रश्न दडलेला आहे की जो सौंदर्यशास्त्राच्या जाड ग्रंथांतही इतक्या स्वच्छपणे समोर येत नाही.

प्रश्न असा. 1950 ते 1965 च्या दरम्यानची बरीचशी लढाऊ जेट विमानं रंगवलेली नसत. अमेरिकी सेबर घ्या, सुपर सेबर घ्या, आपल्याकडे आलेलं सुरुवातीचं मिग-21 घ्या. अंगावर नुसता पत्रा. आता त्या विमानाची 1/72 किंवा 1/48 प्रमाणातली प्रतिकृती करायची आहे. हातात आहे पॉलिस्टायरिन, म्हणजे साधं प्लास्टिक. मूळ वस्तूला रंग दिलेला नाही, आणि आपल्याला मात्र रंगाशिवाय दुसरं साधन नाही. रंग नसणं रंगानं कसं दाखवायचं? हौशी मंडळी याला 'नॅचरल मेटल फिनिश' म्हणतात. आपण 'उघडा धातू' म्हणू. या छंदातलं हे सगळ्यात अवघड काम समजलं जातं, आणि ते योग्यच आहे. फक्त ते अवघड का, याचं जे उत्तर बहुधा दिलं जातं ते आम्हाला अपुरं वाटतं. त्या अपुरेपणाची समीक्षा हे आजचं काम.

आधी मूळ वस्तू नीट पाहू.

जर्मनीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आल्फ्रेड विल्म यांनी ड्युरॅल्युमिन शोधलं. ॲल्युमिनियममध्ये थोडं तांबं, थोडं मॅग्नेशियम मिसळलेला हा मिश्रधातू. वजनाला हलका, ताकदीला भक्कम. पण त्याला गंज लवकर धरतो. त्यावर पुढे उपाय निघाला तो असा : या मिश्रधातूच्या पत्र्यावर दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवायचा. आपल्याकडे पितळेच्या भांड्याला कल्हई करतात ना, तसला विचार. या पत्र्याला 'अलक्लॅड' म्हणतात. म्हणजे बघा, आपण ज्याला 'उघडा' धातू म्हणतो, त्यानंही अंगावर एक पांघरूण घेतलेलंच आहे! आणि त्या शुद्ध ॲल्युमिनियमवर हवेचा स्पर्श होताच ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. नवा कोरा पत्रा लखलखतो, दोन पावसाळे उभा राहिला की मंद होतो. आरशासारखी चकाकी हवी असेल तर कोणीतरी सतत पॉलिश करत बसावं लागतं. ती चकाकी धातूपेक्षा त्या हातांची जास्त असते.

दुसरी गोष्ट, सगळं विमान एकाच पत्र्याचं नसतं. मिग-21 च्या नाकात हवा घेण्याचं जे गोल तोंड आहे, त्याच्या मधोमध शंकू असतो. त्यात रडार बसतं. रडारच्या लहरींना धातू आडवा येतो, म्हणून तो शंकू अधातूचा, आणि म्हणून रंगवलेला. शेपटीच्या टोकाचंही तसंच. मागे इंजिनाच्या तोंडाशी उष्णता इतकी की तिथे ॲल्युमिनियम टिकणार नाही. तिथला धातू वेगळा आणि त्याचा वर्णही वेगळा. सुपर सेबरची मागची बाजू तर तापून निळी, जांभळी, पिवळसर झालेली दिसते. अमेरिकी हवाई दलाच्या स्टारफायटरमध्ये धड उघड्या धातूचं, पण पंख वरून पांढरे आणि खालून फिकट राखाडी रंगवलेले असत. तेव्हा 'धातूचं विमान' ही एक वस्तू नाही, अनेक वस्तूंची जुळणी आहे. हे ज्याला कळलं त्याचं निम्मं काम झालं.

आता आपल्या प्रश्नाकडे. रंगाच्या दुकानात 'चंदेरी' या नावाची बाटली मिळते. तिच्यात काय असतं? द्रवात तरंगणारे ॲल्युमिनियमचे बारीक कण. हे कण चपटे असतात, रंग वाळताना ते कमी-अधिक आडवे होऊन बसतात आणि प्रत्येक कण इवल्याशा आरशासारखा प्रकाश परतवतो. लांबून पाहिलं तर चंदेरी. आता थोडा हिशेब करा. समजा, एका कणाची रुंदी 30 मायक्रॉन. डोळ्याला तो जेमतेम जाणवतो. पण 1/72 च्या मॉडेलवर तो बसला की मूळ विमानाच्या मापात त्याची रुंदी होते दोन मिलिमीटरहून थोडी जास्त. म्हणजे विमानाच्या अंगावर जाड साखर भुरभुरल्यासारखं! साध्या चंदेरी रंगातलं मॉडेल खेळण्यासारखं का दिसतं, याचं हे एक कारण. प्रमाण फक्त लांबी-रुंदीला लागू नसतं, रंगाच्या कणालाही लागू असतं.

हौशी मंडळींनी यावर उपाय काढले आणि ते खरोखर हुशारीचे आहेत. अलक्लॅड टू नावाची लॅकर आली. नाव कुठून घेतलं ते आता तुमच्या लक्षात आलंच असेल. तिच्यातले कण इतके सूक्ष्म की वेगळे दिसत नाहीत. एअरब्रशमधून कमी दाबानं, अगदी पातळ फवारे मारायचे. चकाकी जास्त हवी असेल तर खाली अस्तर कसलं? चकचकीत काळं. चंदेरी दिसायला काळं अस्तर का लागतं, हा प्रश्न नवखे नेहमी विचारतात. उत्तर सुंदर आहे : कारण घासलेला धातू बराचसा काळाच असतो. आरसा काळोखासमोर धरा, तो काळा दिसतो. उजेडाकडे वळवा, डोळे दिपतात. धातू म्हणजे काळं आणि पांढरं यांच्यातली झपाट्यानं होणारी ये-जा. खालचं काळं अस्तर त्या ये-जेला खोली देतं. खाली पांढरं अस्तर असेल तर तेच थर राखेसारखे मवाळ दिसतात.

दुसरा मार्ग वर्खाचा. मिठाईवर चांदीचा वर्ख लावतात, तसा मॉडेलवर ॲल्युमिनियमचा वर्ख लावायचा. त्यासाठी चिकट पाठीचा तयार वर्ख मिळतो. काही जण स्वयंपाकघरातली फॉइल घेऊन तिला खास गोंद लावतात. एकेक पत्रा वेगळा कापायचा, चिकटवायचा, कापसाच्या बोळ्यानं दाबत न्यायचा. फॉइलला लाटण्याची एक दिशा असते, कापडाला उभा-आडवा धागा असतो तशी. जाणकार मंडळी शेजारच्या दोन तुकड्यांची दिशा मुद्दाम वेगळी ठेवतात, म्हणजे उजेडात ते वेगवेगळे चमकतात. सरळ भागावर हे काम अप्रतिम होतं. नाकाशी, जिथे पृष्ठभाग दोन्ही अंगांनी वळतो, तिथे मात्र वर्खाला सुरकुत्या पडतात आणि माणसाची परीक्षा पाहिली जाते.

कुठलाही मार्ग घ्या, एक गोष्ट समान. उघडा धातू काहीही लपवत नाही. हिरव्या-तपकिरी रंगाखाली जोडाची रेघ खपून जाते. चंदेरीखाली ती ओरडून सांगते. म्हणून पुट्टी भरा, वॉटर पेपरनं घासा, 400, 600, 1000, 2000 नंबर करत जा, पाण्यानं धुवा, पुन्हा उजेडात तिरकं धरून पाहा. बोटाचा ठसा राहिला तर तोही दिसणार. चिन्हांची डिकॅल्स लावताना त्यांच्या पारदर्शक कडांखाली हवा अडकली तर तिथे पांढुरकी झाक येते; तिला हौशी लोक 'सिल्व्हरिंग' म्हणतात. चांदीच्या कामात नको असलेली चांदी!

इथपर्यंत कौशल्य. यापुढे समीक्षा.

अवघडपणाचं नेहमीचं उत्तर काय? 'चकाकी साधत नाही.' म्हणून सगळा प्रयत्न चकाकी वाढवण्याकडे. काळं अस्तर अधिक गुळगुळीत, लॅकर अधिक चमकदार, शेवटी क्रोम. स्पर्धांच्या मेजांवर आणि छायाचित्रांत आपल्याला अशी मॉडेलं दिसतात की ज्यांत तोंड पाहून भांग पाडावा. कौशल्य निर्विवाद आहे. पण पाहणाऱ्याला विमान दिसत नाही, चकाकी दिसते. असं का व्हावं?

आमचं उत्तर असं. धातूच्या पृष्ठभागाला स्वतःचं रूप फार थोडं असतं. तो आजूबाजूचं रूप उसनं घेतो. धावपट्टीवर उभं असलेलं चंदेरी विमान वरच्या बाजूला आकाश घेतं, पोटाशी काँक्रीट घेतं, मधे क्षितिजाची एक काळपट रेघ घेतं. आपण 'चांदी' म्हणून पाहतो ते खरं म्हणजे आकाश आणि जमीन. आता विमान बहात्तर पटींनी लहान करता येतं. पत्र्याची जाडी, रिवेट, चाकं, सगळं लहान करता येतं. आकाश लहान करता येत नाही. तुमचं वीतभर मिग-21 काचेच्या कपाटात ठेवलं की ते काय उसनं घेणार? तुमची ट्यूबलाइट, तुमची खिडकी, आणि वाकून पाहणाऱ्या तुमचं नाक. हे सगळं पूर्ण मापाचं. विमानाच्या पंखावर विमानाएवढी ट्यूबलाइट! जितका आरसा चोख, तितका हा विसंवाद मोठा. घराचं, झाडाचं, माणसाचं लहान रूप करता येतं. आरशाचं लहान रूप होत नाही, लहान आरसा होतो.

म्हणून, आणि हे आजच्या व्याख्यानाचं मुख्य म्हणणं समजा, उघडा धातू दाखवायचा म्हणजे चकाकी दाखवायची नसते. त्या विमानावर पडलेलं आकाश सुचवायचं असतं. त्यासाठी चकाकी बरीचशी मारावी लागते. थोडा मंद, रेशमी पृष्ठभाग ट्यूबलाइटला पसरवून टाकतो, खोली पुसून टाकतो; आणि तिथे पाहणाऱ्याचं मन आकाश भरतं.

आपल्या दर्शनांतले तीन दृष्टांत इथे फार उपयोगी पडतात. पहिला शिंपल्याचा. वाळूत पडलेला शिंपला चमकतो आणि आपल्याला चांदी वाटते. शुक्तिरजत. नैयायिक म्हणतात, बाजारात पाहिलेली चांदी इथल्या शिंपल्यावर दिसते. प्रभाकर मीमांसक म्हणतात, भ्रम वगैरे काही नाही. समोरचं पाहणं आणि मागचं आठवणं यांतला भेद तेवढा लक्षात येत नाही. वाद मोठा आहे, त्यात आज शिरत नाही. मुद्दा एवढाच की मॉडेल करणाऱ्यांपैकी पुष्कळांचा आदर्श हा शिंपल्याचा आदर्श आहे. प्लास्टिकवर चांदीचा भ्रम व्हावा! पण भ्रमाचा एक स्वभाव असतो. जवळ गेलं की तो मोडतो, आणि मोडला की मागे काही उरत नाही. शिंपला उचलून पाहिलेला माणूस तो पुन्हा चांदी म्हणून पाहत नाही. मॉडेल तर आपण हातात घेतो, फिरवतो, पुन्हा पुन्हा पाहतो. फसवण्यावर उभी असलेली कला इतका सहवास सोसत नाही.

दुसरा दृष्टांत स्फटिक आणि जास्वंद. पारदर्शक स्फटिकाजवळ जास्वंदीचं फूल ठेवलं की स्फटिक लाल दिसतो. तो लालपणा स्फटिकाचा नव्हे, फुलाचा. त्याला आपण 'औपाधिक' म्हणतो, शेजारामुळे आलेला. आता 1950 च्या दशकातली विमानांची कृष्णधवल छायाचित्रं काढून पाहा. एका पत्र्यावर काळसर छटा, शेजारचा पांढराशुभ्र. मॉडेल करणारा म्हणतो, अच्छा, हा पत्रा गडद धातूचा होता. मास्किंग टेप लावून तो तेवढा तुकडा गडद रंगवतो. त्याच विमानाचं दुसऱ्या कोनातून काढलेलं छायाचित्र पाहावं, तर तोच पत्रा पांढरा आणि शेजारचा काळा! पत्रे किंचित वेगळ्या कोनात बसलेले असतात, त्यामुळे एकात आकाश पडतं, दुसऱ्यात जमीन. छायाचित्रातली ती छटा जास्वंदीची होती. आपण ती स्फटिकावर कायमची रंगवून टाकली.

काही पत्रे खरोखरच वेगळ्या धातूचे असतात, हे वर सांगितलंच. तेव्हा विवेक हवा : कुठली छटा पत्र्याची, कुठली आकाशाची? एकाच विमानाची दोन-तीन कोनांतली छायाचित्रं शेजारी ठेवली तर पुष्कळसा उलगडा होतो. जी छटा कोनाबरोबर बदलत नाही ती पत्र्याची. पण सध्याची रीत अशी की प्रत्येक पत्रा वेगळ्या छटेचा, सगळं विमान बुद्धिबळाच्या पटासारखं. तीच गोष्ट तापून आलेल्या रंगांची. पोलाद तापतं तेव्हा वरच्या ऑक्साइडच्या पापुद्र्यामुळे आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, मग निळा असा क्रम लागतो. त्या क्रमात उष्णतेचा इतिहास लिहिलेला असतो. कमी तापलेल्या भागाकडून जास्त तापलेल्या भागाकडे तो वाचता येतो. मॉडेलवर मात्र पुष्कळदा इंद्रधनुष्य असतं, क्रमाचा पत्ता नाही. सुंदर दिसतं, पण वाचायला गेलं तर अक्षरं उलटीसुलटी.

आता पूर्वपक्ष ऐकायला हवा, नाहीतर तो अन्याय होईल. पूर्वपक्ष म्हणतो : मॉडेल लहान असतं, बारकावे लहान होऊन नाहीसे होतात, म्हणून ते थोडे वाढवूनच दाखवावे लागतात. नटही रंगमंचावर भुवया जाड रंगवतो. हा युक्तिवाद हलका नाही. 1/72 चं मॉडेल तुम्ही 30 सेंटिमीटरवरून पाहता, म्हणजे खरं विमान सुमारे साडेएकवीस मीटरांवरून पाहिल्यासारखं. तिथून पत्र्यांच्या सांध्यातली रेघ कितीशी दिसणार? आणि तरी ती मॉडेलवर नसेल तर विमान साबणाच्या वडीसारखं दिसतं. तेव्हा वाढवणं आलंच.

उत्तरपक्ष एवढाच : काय वाढवायचं, हे कोण ठरवतं? नट भुवया वाढवतो, कारण शेवटच्या रांगेतल्या माणसाला रागाचा भाव पोहोचायला हवा. भाव सोडून नुसत्या भुवयाच वाढवल्या तर विदूषक होतो. विमानातही तसंच. रेघ वाढवली ती विमानाची बांधणी कळावी म्हणून. बांधणी न कळता रेघाच कळत असतील, तर वाढवणं फसलं.

तिसरा दृष्टांत आपल्याला इथून बाहेर काढतो. काश्मीरच्या श्रीशंकुकाचा चित्रतुरग, चितारलेला घोडा. शंकुकाचं मत आपल्यापर्यंत अभिनवगुप्तांच्या द्वारे पोहोचलं. नट रामाची भूमिका करतो तेव्हा प्रेक्षकाला काय वाटतं? हा राम आहे, असं खरं ज्ञान नाही. आधी राम समजलो, मग कळलं की नाही, असं मिथ्या ज्ञानही नाही. राम की दुसरा कोणी, असा संशय नाही. रामासारखा कोणी, असं नुसतं सादृश्यही नाही. या चारहींहून वेगळी ती प्रतीती, भिंतीवर चितारलेल्या घोड्याला पाहून आपण 'हा घोडा' म्हणतो तशी. कोणी फसलेलं नसतं आणि तरी घोडा असतो.

शंकुकावर पुढे कडाडून टीका झाली, तीही आपल्याला ठाऊक आहे. पण मॉडेलकारानं निदान हा दृष्टांत उराशी बाळगावा. शिंपल्याला नजर फसवायची असते. चितारलेल्या घोड्याला तसं काही नको असतं, तो घोडा दाखवतो.

युरोपातही हा प्रश्न उठला होता. 1435 च्या सुमारास आल्बेर्ती यांनी चित्रकलेवर ग्रंथ लिहिला, त्यात त्यांनी सोन्याचा वर्ख वापरणाऱ्या चित्रकारांना दोष दिला. सोनं रंगांनी दाखवण्यात कौशल्य आहे, असं त्यांचं म्हणणं. शिवाय सपाट पाटीवर लावलेला खरा वर्ख एका कोनातून लखलखतो आणि दुसऱ्या कोनातून काळा पडतो, हेही त्यांनी नोंदलं. आमच्या ट्यूबलाइटची तक्रार सहाशे वर्षं जुनी आहे म्हणायची! उलट तंजावरला, भोसले राजांच्या आश्रयानं बहरलेल्या चित्रशैलीत, सोन्याचा वर्ख अभिमानानं लावलेला असतो. तिथे तो चुकीचा का वाटत नाही? कारण ते चित्र देवघरात दिव्यासमोर असायचं. त्यानं दिव्याचा उजेड घ्यावा हीच अपेक्षा. वर्ख कुठला उजेड घेणार आहे, हे आधीच ठरलेलं होतं. मॉडेलवर वर्ख लावणाऱ्यानं स्वतःला हाच प्रश्न विचारावा. फॉइलला बारीक स्टील वुलनं हलके घासून मंद करणारे कारागीर असतात. त्यांना ग्रंथ न वाचता आल्बेर्ती कळलेला असतो.

मित्रहो, आता कोणी म्हणेल, एवढं गांभीर्य कशाला? छंद आहे, ज्याला जे आवडेल ते त्यानं करावं. करावंच. पण एका गोष्टीकडे लक्ष वेधू या.

उघडा धातू हे एका काळाचं चिन्ह होतं. रंग नको, कारण रंगाला वजन आहे, वेळ लागतो, पैसा लागतो. आणि लपायची गरजच काय, आम्ही उंच आणि वेगवान आहोत, हा त्यामागचा विश्वास. तो फार टिकला नाही. व्हिएतनाममध्ये जमिनीलगत उडायची पाळी आली आणि 1965 पासून अमेरिकी विमानांवर हिरवे-तपकिरी पट्टे चढले. आपल्याकडेही 1971 च्या युद्धाच्या सुमारास चंदेरी मिग-21 वर घाईघाईनं छलावरणाचा रंग चढला. त्या मिग-21 पैकी पुष्कळांचे सांगाडे आपल्या नाशिकजवळच्या ओझरला तयार झालेले. 1964 साली तिथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. इंजिनं कोरापुटची. त्या पत्र्यांवर रिवेट ठोकणाऱ्या हातांतले काही आज नाशिकच्या घरांत निवृत्त होऊन बसले असतील.

26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगडला मिग-21 ला निरोप दिला गेला. आता ते विमान आकाशात दिसणार नाही. पुढच्या पिढीला ते कुठे भेटणार? चौकात किंवा एखाद्या फाटकापाशी उभ्या केलेल्या विमानांत. उघड्यावर ठेवलेली विमानं ऊन-पावसात टिकावीत म्हणून त्यांना बहुधा रंगाचा जाड हात दिलेला असतो. मॉडेल करणारा तिथे जातो, छायाचित्रं काढतो, आणि त्या हाताची नक्कल करतो. त्या मॉडेलची छायाचित्रं पाहून दुसरा नक्कल करतो. आपण न्यायशास्त्रात प्रमाणांची चर्चा करतो, त्यात हे कुठलं प्रमाण म्हणायचं? प्रत्यक्षाचा आधार सुटलेला, अनुमान कच्चं, आणि शब्दप्रमाण मानावं तर आप्त कोण? ज्यांनी तो पत्रा हातानं पुसला, उन्हात त्यावर तळहात भाजून घेतला, ते लोक अजून आहेत. त्यांना विचारता येतं. काही वर्षांनी येणार नाही. म्हणून मॉडेल ही आता साक्ष होत चालली आहे, आणि साक्षीला छंदापेक्षा कडक नियम लागतात.

एक गमतीची गोष्ट सांगून आवरतं घेऊ. अमेरिकन एअरलाइन्सची प्रवासी विमानं कित्येक दशकं उघड्या, घासलेल्या धातूची होती. तीच त्यांची ओळख. पुढे बोइंगचं 787 आलं. त्याचं अंग बरंचसं कार्बन तंतूंच्या मिश्र पदार्थाचं. त्याला कितीही घासा, चकाकणार नाही. तेव्हा जानेवारी 2013 मध्ये कंपनीनं नवं रूप जाहीर केलं : विमानांना चंदेरी रंग द्यायचा, धातूसारखा दिसणारा. म्हणजे पूर्ण मापाच्या खऱ्या विमानापुढेही तोच प्रश्न येऊन उभा राहिला, जो मॉडेलकारापुढे जेवणाच्या टेबलावर असतो. अधातूवर धातू रंगवायचा कसा! तिथे आकाश तरी खऱ्या मापाचं आहे. आपल्याला ते सुचवावं लागतं.

सुचवायचं कसं, याचा नियम आम्ही देत नाही. तो हातांनी शोधायचा असतो. एवढंच म्हणू की मॉडेल पुरं झाल्यावर ते पश्चिमेच्या खिडकीपाशी, संध्याकाळच्या उजेडात तिरकं धरून पाहावं. त्यात तुमची खोली दिसत असेल तर काम अजून बाकी आहे. खोली दिसेनाशी होऊन पाठीवर उजेड आणि पोटाशी सावली एवढंच उरलं असेल, तर बाटली बंद करायला हरकत नाही.

 प्रश्न असतील तर घेऊ.